वाळक्या मंजिरीवरचा मुक्काम

१८ ऑगस्ट
सकाळपासून भुरभुर, संध्याकाळी उघडीप. सव्वासहाला परसात गेलो तर सब्जाच्या एका वाळक्या मंजिरीवर ४ निळ्या पट्ट्यांच्या माश्या (अमेजिला, मधमाशीच्याच कुळातल्या रानमाश्या) आधीच टेकलेल्या. अर्ध्या तासात ७ झाल्या. जागेवरून थोडी ढकलाढकली झाली, मधली एक दोनदा उडून पुन्हा त्याच गाठीवर आली, आणि मग सगळं शांत.

भिंग लावून बघितलं. काडी पायांनी धरलेलीच नाही, जबड्यांनी चावून धरली आहे! अंग काडीपासून आडवं बाहेर, पाय पोटाशी घेतलेले. हळूहळू मिशा खाली झुकतात आणि हलायच्या थांबतात. मधमाश्यांची झोप ओळखायची हीच खूण वाल्टर कायझर या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिली होती. या माश्यांनाही ती लागू पडते, असं रोज बघून माझं मत झालंय.

सातही जणांच्या पोटावर ५ पट्टे, म्हणजे सगळे नर. मादीला ४ असतात. माद्या रात्री आपापल्या बिळात. आमच्या जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला पेन्सिल जाईल एवढी भोकं आहेत, तिथे त्यांची ये-जा दिवसभर चालू असते. नरांना घर नाही, म्हणून ही काडी.

भोपळ्याची मिटलेली फुलंही उघडून बघितली. भोपळा मूळचा अमेरिकेतला, आणि तिकडे त्याच्याच फुलांवर जगणाऱ्या माश्यांचे नर मिटल्या फुलात झोपतात. आमच्या फुलात फक्त मुंग्या.

२४ ऑगस्ट
गणपतीची साफसफाई. घरात सांगून ठेवायचं राहिलं आणि दुपारी सब्जा बुडापासून छाटला गेला. चूक सर्वस्वी माझी. संध्याकाळी नर आले आणि जिथे मंजिरी होती त्या रिकाम्या हवेतच घिरट्या घालत राहिले. बघवेना. एकाने शेवटी गोकर्णाच्या वेलाची तार धरली, बाकीचे अंधार पडायच्या आत कुठे गेले कळलं नाही. रात्री कचऱ्याच्या ढिगातून ती मंजिरी शोधून काढली आणि जुन्या जागी, तेवढ्याच उंचीवर, बांबूच्या कामटीला सुतळीने बांधली.

२५ ला कोणी नाही. २६ ला १.

२९ ऑगस्ट
५ परत! गाठीवरचा त्याच गाठीवर. तोच नर की दुसरा हे खुणेशिवाय सांगता येत नाही, आणि रंगाचा ठिपका लावायला माझा हात धजत नाही.

रात्री बघणाऱ्यांसाठी: विजेरीवर लाल जिलेटीन पेपर दुहेरी लावा. मधमाश्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, आणि माझ्याकडच्या या माश्याही त्या उजेडात हलल्या नाहीत. पांढऱ्या उजेडात मात्र मिशा लगेच वर येतात.

५ सप्टेंबर
पहाटे पावणेसहा. काडीच्या टोकाला एक नवीन पाहुणी, काळीभोर अंगावर चकचकीत निळे ठिपके. ही थायरियस, अमेजिलाच्याच बिळात कोकिळेसारखी अंडी घालणारी. स्वतःचं बीळ नाही, त्यामुळे यांच्यात माद्याही काडीवरच झोपतात. ज्यांच्या घरावर हिच्या जातीचा डोळा, त्यांच्यापासून जेमतेम दोन बोटांवर ही निजलेली.

सगळ्यांच्या पाठीवरच्या लवेवर दव. ऊन आलं तसा गाठीवरच्या नराने आधी एक पाय सोडला, मिशा पुसल्या, मग पंख न उघडता अंग थरथरवून गरम केलं. जबडा मात्र अगदी शेवटी सुटला. तो गेला सरळ वांग्याच्या फुलांकडे.