मापटं

२४ जानेवारी, शनिवार

आज चार घरची हळदीकुंकवं उरकली. उद्या रथसप्तमी, त्यामुळे सगळ्या गिरगावाची एकदम घाई. प्रत्येक घरी तिळगुळाबरोबर तोच प्रश्न, "मनू काय करते सध्या? अजून शिकतेच का?"

पीएचडी होऊन चार वर्षं झाली माझ्या लेकीला. जर्मनीत दुसरी पोस्टडॉक चालू आहे. म्हणजे दोन वर्षांची नोकरी, आणि त्यातलं दुसरं वर्ष पुढच्या नोकरीचे अर्ज करण्यात घालवायचं. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात जातात, उत्तरं हिवाळ्यात येतात. यंदा अजून कुठूनच आलेलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही. "संशोधन करते" म्हणते आणि हलवा तोंडात टाकते.

संशोधन म्हटलं की बायकांना प्रयोगशाळा दिसते. मलाही दिसायची. भौतिकीच्या एमएस्सीला असताना मनू उन्हाळ्यात टीआयएफआरला, म्हणजे होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायची, तेव्हा एकदा तिच्याबरोबर पार नेव्हीनगरच्या टोकाला गेले होते. बाहेर समुद्र, राखलेली हिरवळ, दर्शनी दालनात हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र. हिच्या, म्हणजे सैद्धांतिक भौतिकीवाल्या लोकांच्या खोल्यांत मात्र फळा, खडू आणि कागदांचे ढीग. यंत्र म्हणून एक नाही. मनात आलं, शाळेत तीस वर्षं मीही हेच वापरलं की!

होमी भाभांना जाऊन आज ६० वर्षं झाली. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळलं ते. रात्री फोनवर विषय काढला तर मनू म्हणाली, "आई, तुम्हा सगळ्यांना अणुभट्टीवाले भाभा माहीत. आमचे त्याआधीचे."

भाभांच्या वडिलांना वाटे, मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात जावं. मुलगा केंब्रिजहून लिहितो, मला भौतिकीच करायचंय. वडिलांनी अट घातली, आधी मेकॅनिकलला पहिला वर्ग आण, मग गणिताचा खर्च देतो. १९३० मध्ये त्याने आणला. (आमच्याकडे अट घालायला वावच नव्हता. मनूने इंजिनिअरिंगचा फॉर्मच भरला नाही आणि तिचे बाबा आठवडाभर घुम्यासारखे वावरले.)

पुढे पाच-सहा वर्षांतच त्यांनी कागदावर एक हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जुळा, पॉझिट्रॉन, एकमेकांवर आले तर कुठल्या कोनात किती प्रमाणात उडतील? पॉझिट्रॉन १९३२ मध्ये सापडलेला, म्हणजे विषय अगदी कोवळा. नंतर १९८९ मध्ये जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं यंत्र सुरू झालं, याच दोन कणांच्या टकरी घडवायला. आता यंत्राने एकूण टकरींचा माल किती दिला, हे मोजणार कसं?

"तुला आज वाण काय मिळालं?" मनूने मध्येच विचारलं.

स्टीलचं मापटं. मी कॅमेऱ्यापुढे धरलं.

"हां, तेच! भाभांचा हिशेब म्हणजे त्यांचं मापटं. तसे उडालेले कण मोजायचे आणि त्यावरून बाकी सगळं."

मग ती रंगलीच. न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या जाती ३. यंत्राचं उत्तर मात्र २.९८४ येई. चूक म्हणावी इतकं दूर नाही, पण खुपणारं. यंत्र बंद झाल्यावर वीसेक वर्षांनी काही जणांनी मापटंच पुन्हा तपासलं. जुळे कण एकमेकांना किंचित ओढतात, ते हिशेबात नीट धरलं, भाभांच्या सूत्रातल्या दुरुस्त्या आणखी बारकाईने केल्या, आणि उत्तर २.९९६ वर आलं. नवं यंत्र नाही, नवी टक्कर नाही.

"मी याच जातीचं काम करते, आई. दशांशचिन्हापुढचं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं. ती पहिल्यांदाच अशी बोलली की मी पहिल्यांदाच नीट विचारलं, कोण जाणे. अर्जांबद्दल दोघीही बोललो नाही.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी दूध उतू घातलं. संध्याकाळी तळमजल्यावर शेवटचं हळदीकुंकू. "मनू काय करते हो, काकू?"

"मापटी करते," मी ठणकावून सांगितलं. "अगदी अचूक."

"अय्या, स्टीलची? पुढच्या संक्रांतीला पन्नासेक लागतील मला. घाऊक भावात देईल का?"