नोंदी ठेवणारं जुनं एक्स्टेन्शन तिसऱ्या मॅनिफेस्टवर

एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) क्रोमवर पुन्हा सुरू झालंय. फायरफॉक्सचं काम तेवढं राहिलंय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पानावरचा मजकूर निवडायचा, राइट क्लिक करून जपायचा आणि आयकॉनवर एकूण नोंदींचा आकडा दिसायचा, एवढंच याचं काम. मूळ लेखकाने ते कधीच सोडून दिलं, पण कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. क्रोमच्या नव्या आवृत्तीने दुसऱ्या मॅनिफेस्टची (मॅनिफेस्ट म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती आणि परवानग्या सांगणारी फाइल) एक्स्टेन्शन्स चालवणं थांबवलं, तेव्हा हे कोणीतरी हातात घ्यायलाच हवं होतं.

मॅनिफेस्ट फाइलचं काम चटकन उरकलं. आवृत्ती २ ची ३ केली, 'ब्राउझर_ॲक्शन'चं नुसतं 'ॲक्शन' झालं, साइट्सचे पत्ते परमिशनमधून काढून 'होस्ट_परमिशन्स'मध्ये टाकले. पानात कोड घालण्याची जुनी पद्धतही गेली. आता कोड मजकुराच्या रूपात पाठवता येत नाही, फंक्शन किंवा फाइल द्यावी लागते. फंक्शन दिलंत तर बाहेरचे व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत, ते 'आर्ग्ज'मधून वेगळे पाठवा.

खरी मेहनत बॅकग्राउंडमध्ये आहे. पूर्वीचं बॅकग्राउंड पेज ब्राउझर बंद होईपर्यंत जागं असायचं, त्यामुळे लेखकाने नोंदींची चालू यादी सरळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. आता तिथे सर्व्हिस वर्कर (गरज पडेल तेव्हाच जागी होणारी स्क्रिप्ट) आहे आणि साधारण ३० सेकंद काही घडलं नाही की तो थांबतो. पुन्हा जागा होतो तेव्हा यादी रिकामी. आयकॉनवर आकडा १२, आत एकही नोंद नाही!

हा दोष शोधताना एक गोष्ट फार छळते. वर्करचं डेव्हटूल्स (कोड तपासायची खिडकी) उघडं असेल तर वर्कर झोपतच नाही, म्हणजे आपण बघत असताना सगळं सुरळीत चालतं. त्यामुळे डेव्हटूल्स बंद ठेवा, एक्स्टेन्शन्सच्या पानावर वर्करपुढे 'इनॲक्टिव्ह' दिसेपर्यंत थांबा आणि मगच राइट क्लिक करून बघा. ही चाचणी प्रत्येक बदलानंतर करतोय.

यादी आता 'स्टोरेज.लोकल'मध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनच्या कायमच्या साठ्यात आहे, दर वेळी तिथूनच वाचायची. मेनूवरच्या क्लिकचं लिसनर (क्लिक झाला की चालणारं फंक्शन) फाइलच्या अगदी वरच्या पातळीवर आणलं. मूळ कोडात सेटिंग्ज वाचून झाल्यावर ते जोडलं जायचं. वर्कर क्लिकमुळे जागा होतो तेव्हा लिसनर आधीच जागेवर नसेल तर तो क्लिक वाया जातो. मेनू तयार करतानाच 'ऑनक्लिक' देण्याची सोयही वर्करमध्ये नाही.

माझ्या मते सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे जुन्या नोंदी. त्या 'लोकलस्टोरेज' या जुन्या साठ्यात आहेत आणि वर्करला ते दिसत नाही. पण पॉपअप (आयकॉनवर क्लिक केल्यावर उघडणारी छोटी खिडकी) हे एक्स्टेन्शनचंच पान असल्याने त्याला दिसतं. म्हणून पॉपअप पहिल्यांदा उघडलं की ते नोंदी नव्या जागी हलवतं आणि मोजून खात्री झाल्यावरच जुन्या पुसतं. यासाठी एक्स्टेन्शनचा आयडी तोच राहायला हवा. अनपॅक्ड, म्हणजे थेट फोल्डरमधून लोड करताना आयडी फोल्डरच्या पत्त्यावरून ठरतो, फोल्डर बदललं की डेटा हरवल्यासारखा वाटतो. मॅनिफेस्टमध्ये आयडी कायम ठेवणारं मूळचं 'की' फील्ड असेल तर ते काढू नका.

फायरफॉक्सची जुनी एक्स्टेन्शन्स जपून ठेवलेल्यांसाठी एक खूण: एक्सपीआय फाइल म्हणजे झिपच, उघडून बघा. आत 'मॅनिफेस्ट.जेसन' असेल तर वरचं बरंचसं लागू पडेल. नुसती 'इन्स्टॉल.आरडीएफ' असेल तर ते २०१७ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ५७ च्या आधीच्या रचनेचं आहे. तिथे दुरुस्ती नाही, कल्पना घेऊन नव्यानेच लिहावं लागतं, आणि चांगल्या कल्पनेसाठी तेवढं करावंच.

पुढचं काम: फायरफॉक्स तिसऱ्या मॅनिफेस्टमध्येही सर्व्हिस वर्करऐवजी 'बॅकग्राउंड.स्क्रिप्ट्स' मागतो. दोन्ही ब्राउझरच्या १२१ पासूनच्या आवृत्त्यांत ही दोन्ही फील्ड्स एकाच मॅनिफेस्टमध्ये चालतात, तेव्हा वेगळी प्रत न काढता तसंच करून बघणार आहे.