उसनी साखर, बॉरो आणि लेंड

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. मराठी माध्यमातून शिकले आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागले. इंग्रजीच्या सराव पेपरात ‘बॉरो’ की ‘लेंड’ आलं की हमखास चुकायची. दोन्हींपुढे वहीत एकच अर्थ लिहिला होता: उसने. घात तिथंच होता.

एका संध्याकाळी शेजारची काकू वाटी घेऊन आली. "वाटीभर साखर दे वं उसनी." मायनं दिली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मराठीत साखर उसनीच असते; कुणी दिली, कुणी नेली हे पुढचं क्रियापद सांगतं. इंग्रजीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. काकूनं केलं ते बॉरो, मायनं केलं ते लेंड.

मग नुसते अर्थ पाठ करणं सोडलं आणि वावरातली वाक्यं लिहायला घेतली. पावसानं दडी मारली, पऱ्हाटीवर परिणाम झाला. नुसता ‘परिणाम’ म्हणजे ई-नं सुरू होणारा इफेक्ट. ‘परिणाम करणे’ म्हणजे ए-चा अफेक्ट. इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतो, ‘घडवून आणणे’ या अर्थानं, पण क्वचित.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते लूज-नं. आमच्याकडे ट्रॅक्टरचा बोल्ट लूज होतो, पोट बिघडलं की लूज मोशन होतात. म्हणून दोन ओ-चा शब्द मी आयुष्यभर ‘ज’ लावूनच म्हटला. त्याचा खरा उच्चार ‘लूस’ आहे. ‘जहाज’मधल्या शेवटच्या ज-सारखा घोगरा आवाज आहे तो एका ओ-च्या शब्दाला, म्हणजे हरवणे, गमावणे याला. आठवडाभर मोठ्यानं म्हणत राहिले: बोल्ट लूस, पैसे लूझ. मला वाटतं, आपल्याकडे स्पेलिंग चुकतं त्याआधी कान चुकलेला असतो, आणि शिकवताना तो कुणी दुरुस्त करत नाही.

स्टेशनरीची जोडी मात्र आवडली. ए-वाली म्हणजे स्थिर, ई-वाली म्हणजे वह्या-कागद. मूळ एकच: जुन्या काळी फिरत्या विक्रेत्यांच्या गर्दीत एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला स्टेशनर म्हणत. आठवडी बाजारात पाल टाकणारे आणि पक्कं दुकान असलेले, असा फरक डोळ्यांपुढे आला की ते लक्षात राहतं.

‘क्वाइट’ म्हणजे बरंच किंवा अगदी, आणि ‘क्वायट’ म्हणजे शांत; हे दोन्ही अजून हातानं लिहून पाहावे लागतात. शांत असेल तर टी शेवटी.