ससाण्यांच्या मुलखात: अबू धाबीचं रुग्णालय, दोह्याचा बाजार आणि सीलाइनची वाळू

अबू धाबी शहर मागे टाकून विमानतळाच्या पलीकडे स्वेहान रस्त्याला लागलं की ससाण्यांचं रुग्णालय येतं. टॅक्सीवाल्याला ‘फाल्कन हॉस्पिटल’ एवढं सांगितलं तरी पुरतं. १९९९ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात आता वर्षाला ११ हजारांहून जास्त पक्षी येतात. पर्यटकांसाठी मार्गदर्शकासह फेरी असते, नोंदणी मात्र आधी करावी लागते. जमलं तर सकाळची फेरी घ्यावी. आतलं छोटं संग्रहालय भराभर उरकलं तरी चालेल. वेळ राखून ठेवावा तो प्रतीक्षागृहासाठी आणि तपासणीच्या खोलीसाठी.

प्रतीक्षागृहात कृत्रिम हिरवळ गुंडाळलेल्या लांब दांड्यांवर ससाणे ओळीने बसलेले असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर चामड्याची टोपी, पायात दोरी. डोळे झाकले की ससाण्याला शेजारी कोण आहे याची फिकीर उरत नाही. याच टोप्या काढल्या तर पाच मिनिटांत अर्धे पक्षी फडफडून दोरीला उलटे लटकतील आणि उरलेले एकमेकांच्या जिवावर उठतील. दांड्यावरची हिरवळही शोभेची नाही. गुळगुळीत आणि कडक बैठकीवर ससाण्याचं सगळं वजन तळव्याच्या त्याच त्या जागेवर पडतं, कातडी घासून पातळ होते, सुजते आणि आत जंतू शिरतात. खरखरीत पात्यांमुळे वजन विभागलं जातं. पाळीव ससाण्यांना सर्वांत जास्त छळणारा आजार तळव्याच्या या सुजेचाच, आणि तो बहुतेक वेळा मालकाच्या आळसातून येतो: चुकीची बैठक, कमी उड्डाण, वाढलेलं वजन, न कापलेली नखं.

नखं कापण्याचं काम काचेपलीकडून नीट दिसतं. टोपी घातलेल्या पक्ष्याला मागून, दोन्ही पंख अंगाशी दाबून एका झटक्यात धरतात. टोपी उतरवली की लगेच चोचीवर भुलीच्या वायूचा मुखवटा चढतो आणि मिनिटभरात मान सैल पडते. नखं कापायला भूल कशाला, असं आपल्याला वाटतं. पण शुद्धीवरचा ससाणा झटापट करतो आणि त्या झटापटीत पिसं मोडतात. नख चार दिवसांनी कापलं तरी चालतं, मोडलेलं पीस मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत भरून येत नाही. नखाचं टोक आधी कातरीने उडवतात, मग बारीक फिरत्या कानशीने गोलाई देतात. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, ती जवळ आली की थांबायचं. चोचीचंही तसंच. वरच्या चोचीच्या कडेला ससाण्याला दातासारखं एक टोक असतं, शिकारीच्या मानेचे मणके तो त्यानेच तोडतो. चोच घासताना हे टोक सपाट केलं तर काम बिघडलं. नंतर नुसता प्राणवायू देतात, आणि काही मिनिटांत पक्षी पुन्हा दांड्यावर.

त्याच टेबलावर पीस जोडायचं काम चाललं असेल तर फेरी पुढे सरकली तरी आपण हलू नये. ससाण्याच्या प्रत्येक पंखाला १० मोठी उड्डाणपिसं आणि शेपटीला १२ पिसं असतात. यातलं एक मोडलं की शेजारच्या पिसांचा आधार जातो आणि हळूहळू तीही मोडतात, म्हणून दुरुस्ती लगेच करायची. झडलेली पिसं डब्यांत जात, बाजू आणि क्रमांक लावून जपलेली असतात. डाव्या पंखाचं चौथं मोडलं असेल तर डाव्याचंच चौथं हवं. मोडक्या पिसाचा दांडा जिथे पोकळ आणि भक्कम आहे तिथे छाटतात, नव्या पिसाचा दांडा मापाने तेवढाच छाटतात. मग बांबूची किंवा धातूची कोन असलेली सळई अर्धी इकडे, अर्धी तिकडे. सळई गोल असली तर पीस दांड्याभोवती फिरतं, कोन असला तर जागेवर राहतं. आधी कोरडं बसवून बघायचं, पंख मिटून-उघडून पिसाची पाती शेजाऱ्याशी समांतर आहे ना ते तपासायचं आणि मगच डिंक लावायचा. खाली कागदाचा तुकडा सरकवलेला असतो, नाहीतर ओघळलेला डिंक दोन पिसं एकमेकांना चिकटवून टाकतो. पीस मोडलेलं नसून नुसतं वाकलं असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. गरम पाण्यात बुडवलं की ते सरळ होतं.

मोडलेल्या पिसावर कधीकधी आडवी, पारदर्शक रेघ दिसते. पीस वाढत असताना पक्षी उपाशी राहिला किंवा आजारी पडला की त्या दिवसाची खूण अशी उमटते, आणि पीस मोडतं ते तिथेच. म्हणून एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या पीसगळीत ससाण्यांना वातानुकूलित खोल्यांत मोकळं सोडून भरपूर खाऊ घालतात, वजनाचा हिशोब तेवढे महिने बंद. उन्हाळ्यात जाणाऱ्या पर्यटकाला ससाणे दिसतील, उडताना मात्र दिसणार नाहीत.

नोंदणीच्या खिडकीवर लोक पक्ष्याबरोबर एक छोटी पुस्तिका पुढे करतात. तो ससाण्याचा पासपोर्ट. अमिरातीत तो २००२ पासून मिळतो, ३ वर्षं चालतो, आणि त्यात पायातल्या कड्याचा क्रमांक असतो. रानातून पकडलेल्या पक्ष्यांची चोरटी विक्री रोखण्यासाठी ही व्यवस्था. आखातातल्या काही विमानकंपन्या ससाण्याला थेट प्रवाशांच्या कक्षात नेऊ देतात. अबू धाबीहून दोह्याला जेमतेम तासाभराचं उड्डाण आहे. शेजारच्या आसनावर टोपी घातलेला सहप्रवासी आला तर दचकू नये.

दोह्यात सूक वाकिफच्या एका कडेला ससाण्यांचा बाजार आहे आणि त्याला लागूनच त्यांचं आणखी एक रुग्णालय. दुकानांत जमिनीवर वाळू पसरलेली, त्यात रोवलेल्या ‘वकर’वर, म्हणजे खाली अणकुचीदार खिळा असलेल्या गोल बैठकीवर, पक्षी बसलेले. ‘हुर्र’ आणि ‘शाहीन’ हे शब्द सारखे कानावर येतात. हुर्र हा वाळवंटाचा चिवट, काटक ससाणा. शाहीन म्हणजे आपला बहिरी ससाणा, वेगवान पण नाजूक. ‘जीर’ हा बर्फाळ उत्तरेतला सर्वांत मोठा ससाणा. त्याचं रूप आणि ताकद पाहून लोक पैसे मोजतात, पण उष्ण हवेत त्याच्या फुप्फुसांना बुरशीचा आजार पटकन जडतो. आवाज बसणं, थोड्याशा उड्डाणानंतर चोच उघडी ठेवून धापा टाकणं ही पहिली लक्षणं, आणि ती दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आता शर्यतीत उतरतात ते बरेचसे पक्षी पैदास केंद्रातले संकर असतात.

ससाणा विकत घेणं पर्यटकाचं काम नव्हे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ससाणा पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. साहित्य मात्र हातात घेऊन बघावं. टोपीला इथे बुरखाच म्हणतात. ती डोळ्यांना टेकता कामा नये, चोचीभोवतीची खाच ओठाच्या कोपऱ्याला काचता कामा नये, आणि मागच्या फटीतून उजेड आत येता कामा नये. तिन्ही जमलं तर टोपी बरोबर. मागे चामड्याच्या दोन जोड वाद्या असतात, एक जोडी ओढली की टोपी आवळते, दुसरी ओढली की सैल होते. एका हातावर ससाणा असतो, त्यामुळे एक वादी मोकळ्या हाताच्या बोटांत आणि दुसरी दातांत धरून ओढतात. एकाच चामड्याच्या तुकड्याची, तुरा नसलेली हिंदुस्थानी घाटाची टोपी आजही युरोपातले ससाणेवाले वापरतात.

हातमोज्याऐवजी इथे ‘मंगला’ चालतो. जाड कापडाची किंवा गालिच्याची ही नळी मनगटावर चढवली की बोटं मोकळी राहतात. पायांतल्या विणलेल्या दोऱ्या म्हणजे ‘सुबूक’. त्या पुढे फिरत्या कडीला आणि कडी लांब दोरीला जोडलेली. कडी अडकली की दोऱ्यांना पीळ पडतो आणि पाय आवळले जातात, म्हणून वाळूतून आल्यावर कडी रोज झटकून फिरवून बघतात. बैठकीला बांधलेली दोरी हातभराहून लांब नको. लांब दोरीत पक्ष्याला वेग घ्यायला जागा मिळते आणि शेवटी बसणारा हिसका पायाच्या हाडावर येतो.

दोह्याहून दक्षिणेला गाडीने तासाभरात सीलाइनचे वाळूचे डोंगर लागतात. जानेवारीत इथे मर्मीचा ससाणा महोत्सव भरतो, पण सामने नसतानाही हिवाळ्यात संध्याकाळी ससाणेवाले पक्षी उडवायला येतात. गाडीतून पहिल्यांदा उतरतो तो वजनकाटा.

वजन हा या खेळाचा कणा आहे. ससाणा परत येतो तो मायेने नव्हे, भुकेने, आणि ती भूक ग्रॅममध्ये मोजता येते. धष्टपुष्ट असताना १२०० ग्रॅम भरणारी हुर्र मादी साधारण १०५० ते ११०० च्या दरम्यान कुठेतरी नीट उडते. नेमका आकडा प्रत्येक पक्ष्याचा वेगळा, आणि तोच पक्षी पुढच्या मोसमात स्नायू कमावून आला की आकडा वर सरकतो. वजन रोज एकाच वेळी करतात, तेही पोट रिकामं असताना. टोपी, दोऱ्या आणि पक्षी हरवला तर जागा कळवणारा ट्रान्समीटर यांचं वजन वजा करतात. आदल्या दिवशी खाल्लेली पिसं-हाडं ससाणा सकाळी गोळी करून ओकून टाकतो. ती पडल्याशिवाय वजनही करायचं नाही आणि खायलाही घालायचं नाही.

जुन्या माणसांचा काट्यापेक्षा बोटांवर भरवसा असतो. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना चिमटीने चाचपतात. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी खंगला आहे, लागलंच नाही तर माजला आहे. बैठकीखालची विष्ठाही वाचतात. पांढऱ्यात काळा ठिपका म्हणजे ठीक. हिरवट म्हणजे पोट रिकामं, आणि खाऊनही हिरवीच राहिली तर गाडी रुग्णालयाकडे वळवायची. वजन उतरवायचं ते दिवसाला टक्का-दोन टक्के, त्याहून जास्त नाही. त्यासाठी मांस पाण्यात भिजवून, रक्त धुवून काढून देतात. पोट भरतं, अंगी कमी लागतं. घाईत उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि मग भुकेला पक्षी उडतो खरा, पण त्यात दम नसतो. रात्री थंडी वाढली तर बसल्या बसल्याच वजन घटतं. अशा दिवसांत कालचाच घास दिला तर परवा पक्षी आजारी. खायला मुख्यतः लावे. ताजं कबूतर टाळतात, त्यातून घशाचा संसर्ग होतो; द्यायचंच असेल तर डोकं आणि गळ्याची पिशवी काढून, गोठवलेलं.

आता उड्डाण. ट्रान्समीटर चालू आहे का हे टोपी काढायच्या आधी बघतात, नंतर नाही. एक जण पक्षी घेऊन थांबतो, दुसरा ४०० मीटरवर ‘तिलवा’ घेऊन उभा राहतो. तिलवा म्हणजे खोटी शिकार: पंखांचा जुडगा, दोरीला बांधलेला. हाळी देत तो गरगर फिरवायचा. टोपी निघाल्यावर पक्षी दोन-तीनदा मान वरखाली करून अंतराचा अंदाज घेतो, अंग झाडतो आणि सुटतो. वाऱ्याविरुद्ध असेल तर जमिनीपासून हातभर उंचीवरून, कारण तिथे वारा कमी. शर्यतीचा चांगला पक्षी हे अंतर २० सेकंदांच्या आत कापतो. वजन चढलेला पक्षी मात्र सुटत नाही. बसून राहतो, पिसं साफ करतो, भलतीकडे बघतो. तेव्हा ओरडून काही होत नाही, टोपी घालून घरी न्यायचा.

नवशिक्यांचं बिनसतं ते पक्षी तिलव्यावर उतरल्यावर. तिलवा हिसकावला तर पुढच्या वेळी तो पंख पसरून शिकार झाकतो किंवा ती उचलून दूर उडतो, आणि ही खोड एकदा लागली की जाता जात नाही. म्हणून गुडघ्यावर बसून, बाजूने जवळ जायचं, मंगल्यावर मांसाचा तुकडा तिलव्याला लागून धरायचा. तो खाता खाता हातावर चढला की तिलवा हळूच पाठीमागे सरकवायचा. लूट झाली असं त्याला वाटताच कामा नये.

पक्षी वाऱ्याबरोबर निघून गेलाच तर आधी वाऱ्याच्या दिशेनेच शोधतात. अंधार पडला की तो कुठेतरी बसणार आणि उजाडेपर्यंत हलणार नाही. ट्रान्समीटरने जागा कळली तरी रात्री जवळ जाऊन बिथरवायचं नाही, पहाटे तिलवा घेऊन हजर राहायचं.

बघायला जाणाऱ्यांनी पक्ष्याच्या मागे उभं राहू नये, फ्लॅश वापरू नये, डोक्यावर हात फिरवू नये. परवानगी मिळालीच तर पाठीवर बोटाच्या मागच्या बाजूने एकदाच. तळहाताच्या तेला-घामाने पिसांवरचा पाणी अडवणारा थर जातो. कुत्रं सोबत असेल तर गाडीतच ठेवावं. मर्मीच्या दिवसांत सकाळी लवकर पोचावं, ऊन चढल्यावर उड्डाणं थांबतात. आणि सीलाइनच्या वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करून घ्यावी. डांबरी रस्ता संपतो तिथे हे काम करून देणारे मिळतात.