कन्सोलच्या व्हिडिओ मेमरीची परवानगी कोणाला द्यावी?

लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर, म्हणजे खिडक्या-चित्रांविना नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, मी आजही बरेच काम करतो आणि मिडनाइट कमांडर हा फाइल मॅनेजर माझ्या रोजच्या वापरात आहे. त्यात कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबल्या की दोन्ही चौकटी दूर होऊन आधीच्या आदेशांचा मजकूर पुन्हा दिसायला हवा. नव्या संगणकावर तो दिसेना, कारण पडद्यावरचा मजकूर वाचून जपून ठेवण्याची परवानगी साध्या वापरकर्त्याला नव्हती.

पीसीच्या ८० स्तंभ व २५ ओळींच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात, एक अक्षराचा आणि दुसरा रंगाचा; म्हणजे सगळा पडदा व्हिडिओ मेमरीच्या अवघ्या ४००० बाइटांत मावतो. लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हा मजकूर व्हीसीएस व व्हीसीएसए या उपकरण-फायलींमधून उपलब्ध करून देते. पहिलीत नुसता मजकूर असतो. दुसरीत रंगही असतात आणि आरंभीच्या चार बाइटांत ओळींची संख्या, स्तंभांची संख्या व कर्सरची जागा असते. अंधांसाठीचा बीआरएलटीटीवाय हा ब्रेल कार्यक्रम कन्सोलचा मजकूर याच वाटेने वाचतो, त्यामुळे ही सोय काहींसाठी अत्यावश्यक आहे.

या फायली बहुधा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीच्या आणि टीटीवाय या वापरकर्ता-गटाच्या असतात. साहजिकच वापरकर्त्याला त्या गटात घालण्याचा सल्ला सर्वात आधी मिळतो, आणि माझ्या मते तो घातक आहे. सर्वांची टर्मिनले त्याच गटाच्या ताब्यात असतात व गटाला त्यांवर लिहिण्याची मुभा असते. इतरांच्या पडद्यावर निरोप पाठवणारे राइट आणि वॉल हे आदेश याच अधिकारावर चालतात. त्या गटात गेलेला माणूस इतरांच्या कन्सोलवर उघडलेले पत्र वाचू शकतो, आणि व्हीसीएसमध्ये लिहिता येत असेल तर तिथे खोटा लॉगिनचा प्रश्नही रंगवू शकतो. पासवर्ड टंकताना पडद्यावर उमटत नाही हे खरे, पण तेवढ्याने बाकीच्या मजकुराचे रक्षण होत नाही.

मिडनाइट कमांडरसोबत येणारा कॉन्स-सेव्हर हा छोटा कार्यक्रम मला यावरचा नेमका उपाय वाटतो. अधिकार वापरकर्त्याला न देता या मदतनिसाला दिलेला असतो, आणि तो आधी खात्री करून घेतो की ज्या कन्सोलचा मजकूर मागितला जात आहे ते मागणाऱ्याच्याच मालकीचे आहे. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी व्हीसीएसए नावाचे, ६९ क्रमांकाचे स्वतंत्र खाते होते आणि त्यावरून कोणालाही लॉगिन करता येत नसे. मदतनिसात एखादी चूक निघालीच, तरी हल्लेखोराच्या हाती रूटचे नव्हे, तर फक्त पडद्यांचे अधिकार लागावेत, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मीही तसेच खाते तयार केले, उपकरण-फायलींची व्यवस्था पाहणाऱ्या यूडेव्हच्या नियमाने व्हीसीएसए फायलींची मालकी त्याला दिली आणि कॉन्स-सेव्हरही त्याच्याच नावे करून त्यावर सेटयूआयडी बिट लावला, म्हणजे कोणीही चालवला तरी तो त्या खात्याच्याच अधिकाराने चालतो. आता कंट्रोल-ओ दाबल्यावर माझा मजकूर परत येतो, आणि माझ्या खात्यातून दुसऱ्या क्रमांकाच्या कन्सोलची फाइल थेट उघडू पाहिली, तर परवानगी नाकारली जाते.