तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सायकलीला गिअर कशाला?

"एवढी चांगली जुनी रॅले हाताला लागली होती. ती जशीच्या तशी ठेवायची सोडून तिला गिअर आणि दुसरे ब्रेक कशाला बसवलेत?" रंकाळ्यावर जरा टेकलो तरी हा प्रश्न येतो. पन्हाळ्याला जाताना वाघबिळात चहाला थांबलो तरी येतो. जुन्या वस्तू जमवणारी मंडळी तर तो जरा रागानेच विचारतात. त्यांचा राग मला कळतो, कारण जुन्या सायकलीची नासधूस मीही पाहिली आहे. म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

मी सायकल दुरुस्त करतो ती चालवण्यासाठी, आणि तीही लांब चालवण्यासाठी. मागच्या कॅरेजला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधायच्या, कळे, साळवण करत गगनबावडा गाठायचा, करूळ घाटाने वैभववाडीला उतरायचं आणि कोकणात चार दिवस फिरून फोंडा घाटाने वर यायचं. या कामासाठी सायकलीत जे कमी पडतं तेवढंच मी बदलतो. बदलताना नियम एकच पाळतो: उद्या कुणाला वाटलं तर माझा भाग काढून मूळ भाग जागेवर बसवता आला पाहिजे. फ्रेम कापायची नाही, तिच्यावर नवं काही वेल्ड करायचं नाही, भोक पाडायचं नाही, रंग खरवडायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, सायकलीचं नाव लिहून ठेवायचा. ज्या रॅलेबद्दल तुम्ही विचारता तिचे पुढचे दांड्यांचे ब्रेक, मूळ हब (चाकाचा मधला तुंबा) आणि फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) माझ्या माळ्यावर शाबूत आहेत.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना कुणी टूरिंगच्या म्हणत नाही. पण त्यांची बांधणी पाहा. हर्क्युलस बनवणारी टी. आय. सायकल्स 1949 ची, सोनीपतची अ‍ॅटलस 1951 ची, आसनसोलचा सेन-रॅले कारखाना 1952 चा, लुधियानाची हीरो 1956 ची. या सगळ्यांनी इंग्लंडच्या जुन्या रोडस्टरची, म्हणजे रोजच्या वापराच्या दणकट सायकलीची, घडण उचलली: दोन चाकांत भरपूर अंतर, हँडलचा पाइप मागे कललेला, पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे वाकलेला. खराब रस्त्यावर ओझं घेऊन सरळ चालावं म्हणूनच ही मापं आहेत. दुधाचे भरलेले कॅन दोन्ही बाजूंना लटकवून गवळी पहाटे पेठेत शिरायचा, तो याच मापांच्या भरवशावर. 1923 साली मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले, आणि त्यांतले तिघे ती पुरी करून 1928 साली परतले. सायकली साध्या पोलादी, गिअर-बिअर काही नाही. तेव्हा फ्रेम या कामाला पुरेशी आहे, यात मला कधी शंका वाटली नाही.

कमी पडतात ते ब्रेक. दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमवर खालून, म्हणजे आतल्या अंगाने दाबले जातात. रिम पोलादाची, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या दिवसात, गावात, हे ब्रेक उत्तम. पण क्रोम भिजलं की रबर त्यावर घसरतो. आपला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत पन्हाळ्यावरून उतरताना लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल पुढेच जाते, आणि समोर वळणावर एस. टी. येत असते. अशा सायकलीवर मी माझ्या पुतणीला बसवणार नाही, मग दुसऱ्या कुणाला तरी का बसवावं?

सोपा उपाय बरेच जण करतात: 28 इंची चाकं काढून 700-सी या आजच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची बसवतात आणि रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर ब्रेक लावतात. मला तो पटत नाही. जुन्या 28 × 1½ रिमचा टायर बसतो तिथला व्यास 635 मिलिमीटर, 700-सी चा 622. ब्रेक साडेसहा मिलिमीटर खाली पोचवायला लागतो आणि त्यासाठी पुढेमागे काहीतरी जुगाड येतोच. त्याहून मोठं कारण टायरचं. 28 × 1½ टायर आजऱ्याला, फोंड्याला, कुठल्याही बाजाराच्या गावी सायकलच्या दुकानात टांगलेला असतो. प्रवासाच्या सायकलीला याहून मोठी सोय कुठली?

म्हणून मी चाकाचं माप ठेवतो आणि पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब घालतो. ब्रेक हबच्या आत, पाऊस बाहेर. ब्रेक जागचा हलू नये म्हणून ड्रमचा हात चिमट्याला साध्या पट्टीच्या क्लॅम्पने धरतात, वेल्डिंग लागत नाही. मागचा दांड्याचा ब्रेक तसाच राहतो. एक लक्षात ठेवा: जुन्या पुढच्या रिमला 32 भोकं असतात आणि मागच्या रिमला 40. हबची भोकं जुळली नाहीत तर रिमही नवी घ्यावी लागते. आणि लांब घाटात ड्रम तापला की त्याची पकड कमी होते. सलग दाबून धरू नका, दाबा-सोडा करत उतरा, मध्ये थांबा. करूळ घाटात थांबायला कारण शोधावं लागत नाही.

गिअरचं गणित त्याहून सोपं. पुढे 44 दाते, मागे 18, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला छान, चढाला गुडघे मोडणारं. मी मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा ए. डब्ल्यू. हब बसवतो. हा हब 1936 पासूनचा आहे, म्हणजे त्या काळातल्या रॅलेला परका नाही. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या 75 टक्के, वरचा 133 टक्के. मागचं चक्र 18 ऐवजी 22 दात्यांचं घातलं की खालच्या गिअरला एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास आणि वरच्याला जवळपास सहा मीटर मिळतात. यंत्रणा सगळी हबच्या आत, त्यामुळे चिखल लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हबच्या अंगावर सालाचे दोन आकडे आणि महिना कोरलेला असतो. 54 आणि 8 दिसलं की तो ऑगस्ट 1954 चा. कंपनीची मालकी 2000 साली तैवानला गेली, पण तीन गिअरचे हब ती आजही बनवते.

हब बसवायला मागची फ्रेम चार-पाच मिलिमीटर फाकवावी लागते. पोलाद हे सोसतं, आणि उद्या परत दाबून आणताही येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं करायला जाऊ नका, तडा जाईल.

आता कोल्हापूरबद्दल. ही कामं मी दुसऱ्या गावात राहून करू शकलो असतो, असं मला वाटत नाही. उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत प्लेटिंग, पलीकडे गॅस वेल्डिंग. आम्ही ज्यांना मामा म्हणतो ते लेथवाले मिस्त्री आयुष्यभर ऑइल इंजिनाचे पार्ट करत आले. पहिल्यांदा त्यांच्याकडे क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, एक्सलचा कप घेऊन गेलो तर त्यांनी तो हातात फिरवून विचारलं, "आटे इंचाला चोवीस का सव्वीस, ते मोजलंस का?" नेमकं तेच विचारायला हवं होतं. बहुतेक इंग्लिश सायकलींना 24 आटे असतात, नॉटिंगहॅमच्या रॅलेला 26. न बघता 24 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला की फ्रेम कायमची गेली. शिवाय चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे. कितीतरी चांगल्या फ्रेमचे आटे केवळ जोर लावून उलट्या दिशेला फिरवल्याने गेलेले असतात.

कॉटर पिनीचंही, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्की धरणाऱ्या पाचरीचंही, तसंच. जुनी पिन काढताना नट अर्धवट सैल करायचा, क्रँकखाली जाड पाइपचा टेकू जमिनीपर्यंत द्यायचा आणि एकच जोरकस घाव. टेकू नसेल तर घावाचा जोर छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. नवी पिन पेटीतून काढून तशीच ठोकू नये. तिची तिरकी बाजू कानशीने घासून, एक्सलच्या खाचेत बसवून, काढून, चमक कुठे आली ते बघून पुन्हा घासायची. चमक सगळीकडे सारखी आली की पिन बसली. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. घाईच्या दिवशी हे काम मी हातात घेतच नाही.

सगळ्यात जास्त जीव मात्र मी सीटवर लावतो. जुन्या सीटचं कातडं बहुधा फाटलेलं असतं, पण लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा चांगल्या असतात. लोक तो सांगाडा भंगारात देतात आणि रेक्झिनची फोमवाली सीट घालतात. आपल्या गावात असं करावं लागणं म्हणजे वाईटच, कारण अशा सीटला लागतं तसलंच कातडं आपल्याकडे चपलेसाठी कमावलं जातं: बाभळीची साल आणि हिरडा घालून, रसायनांशिवाय. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच हातांनी सायकलची सीटही होते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

माझी सीट करून देणारे दादा चपला शिवतात. पहिल्या वेळी त्यांनी सांगाडा उलटासुलटा पाहिला, बोटांनी दाबला आणि म्हणाले, "पाठीचं कातडं घ्या म्हशीचं. पोटाकडचं ताणतंय, वरसात झोळी होईल." मग जुन्या कातड्याचा कागदावर नमुना काढला. जवळपास पाच मिलिमीटर जाडीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवला, तो मऊ झाल्यावर सांगाड्यावर ओढून दोरीने आवळला आणि लाकडी दांड्याच्या गुळगुळीत टोकाने नाकापासून मागेपर्यंत रगडत राहिले. कडेच्या सुरकुत्या आत जिरेपर्यंत हात थांबला नाही. सावलीत वाळवलं, उन्हात अजिबात नाही. पूर्ण वाळल्यावर भोकं पाडून तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि कडा तासून गोल केल्या. नाकाखालचा ताणाचा नट मी पहिल्या काही महिन्यांत मुळीच फिरवत नाही. बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे कातडं आपसूक खाली बसतं, आणि मग दिवसभर चालवून उतरलं तरी अंग दुखत नाही.

इंग्लंडहून आलेल्या खऱ्याखुऱ्या टूरिंगच्या फ्रेमही अधूनमधून हाताशी येतात, बहुधा कुणाचा मुलगा परत येताना घेऊन आलेला असतो. त्यांतल्या रेनॉल्ड्स 531 च्या नळ्यांना मी फार जपतो. हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद 1935 साली आलं, आणि ते लगमध्ये (सांध्यावरच्या पोलादी खोबणीत) घालून पितळेने किंवा चांदीच्या सळईने जोडायचं असतं. विजेच्या वेल्डिंगने जोडाजवळची नळी ठिसूळ होते. "आर्कनं दोन मिनिटांत करतो की," असं कुणी म्हणालं तर फ्रेम उचलून घरी आणा. यांची चाकं 27 इंची, टायर सहज मिळत नाहीत. तिथे मात्र मी 700-सी घालतो: व्यासात फरक फक्त आठ मिलिमीटर, ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकवले की झालं, आणि फ्रेमला हात लागत नाही. म्हणजे एकाच्या चाकाला हात लावत नाही आणि दुसऱ्याचं बदलतो. यात विसंगती नाही. वाटेत टायर फाटला तर कुठला मिळेल, हा एकच विचार दोन्हीकडे आहे.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ काळा रंग आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा थोड्याही शिल्लक असतील तर पावडर कोटिंग करू नका. गंज आहे तिथे ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याचं फडकं, क्रोमवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलकं घासणं, एवढं पुरतं. पुढचा पितळी बिल्ला चिंचेने लखलखीत करायचा मोह होतो. तो आवरा, वरची अक्षरं झिजतात. खरा धोका आतून आहे. सीटच्या पाइपमधून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि क्रँकच्या घरात साचतं. ओव्हरऑइलिंगला सायकल खोललीच आहे तर रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल नळ्यांत ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या. ते आत वाळून पापुद्रा धरतं.

"आमच्या आजोबांची सायकल पडून आहे, आणू का?" असंही बरेच जण विचारतात. आणा. पण त्याआधी सीटचा पाइप निघतो का पाहा, आणि नसेल निघत तर हातोडा न मारता सांध्यात तेल सोडून आठवडाभर ठेवा. चिमट्याच्या मुळाशी आणि लगच्या कडेला केसासारखी चीर आहे का ते दिवसाच्या उजेडात बघा. चाकं वाकडी असली तरी चालतील, आऊट काढता येतो. आणि पोत्यात घालून ठेवलेले सुटे नट, दांड्या, घंटीची टोपी, चेनकव्हरचे तुकडे, सगळं बरोबर आणा. भंगारवाल्याने त्याची काहीही किंमत सांगितली असली तरी.