कुलूप माझे, कमान सार्वजनिक

दिवाळीसाठी सांगलीला जाऊन तीन आठवड्यांनी केंब्रिजला परतलो आणि सोमवारी सकाळी कचेरीसमोर सायकल लावायला गेलो, तेव्हा माझ्या कुलपाला एक पिवळी चिठ्ठी बांधलेली दिसली. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळलेली, पावसाने भिजू नये म्हणून वर पारदर्शक वेष्टन चढवलेली. ही वस्तू बेवारस दिसत असून १४ दिवसांत हलवली नाही तर कापून नेण्यात येईल, असे तीवर छापले होते. खाली पेनाने तारीख घातली होती आणि त्या हिशेबाने माझ्या हाती दोन दिवस उरले होते. मुदतीविषयी माझी काही तक्रार नाही. ‘बेवारस’ या शब्दाने मात्र मी दुखावलो, आणि हा मजकूर त्याच तिरमिरीत लिहिला जात आहे, हे आधीच कबूल करतो.

चिठ्ठी सायकलीला नव्हती, कारण सायकल घरी होती. सायकल बांधायच्या लोखंडी कमानीला नुसते कुलूप लटकत होते. संध्याकाळी घरी निघताना मी कुलूप तिथेच कमानीला अडकवतो, किल्ली खिशात टाकतो आणि सायकल घेऊन जातो. आबांना हे पहिल्यांदा फोनवर सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे कुलूप राखायला ठेवतोस आणि सायकल मोकळी घेऊन फिरतोस?” घरी दुसरे कुलूप आहे, हे सांगितल्यावर तर त्यांना माझ्या पगाराविषयीच शंका आली असावी.

यामागचे कारण वजन हे आहे. आपल्याकडचे मागच्या चाकाला बसवलेले कुलूप, ज्याची किल्ली कुलूप उघडे असताना बाहेर निघत नाही, ते सायकलीबरोबरच फिरते आणि त्याचे ओझे कोणाला कधी जाणवत नाही. येथे त्यावर कोणी विसंबत नाही, कारण चाक अडकवलेली सायकल चोर सरळ उचलून गाडीत टाकतो. त्यामुळे सायकलीची चौकट जमिनीत रोवलेल्या लोखंडाशी बांधावी लागते. त्यासाठी फूटपाथवर उलट्या यू आकाराच्या कमानी असतात आणि एका कमानीला दोन बाजूंनी दोन सायकली लागतात. जुन्या गॅसच्या नळ्या वाकवून अशा कमानी पहिल्यांदा शेफील्ड शहरात केल्या, म्हणून त्यांना शेफील्ड स्टँड म्हणतात, असे येथे सांगतात. बांधायला लागते ते डी-लॉक, म्हणजे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे जाड लोखंडी कुलूप. माझे पावणेदोन किलोचे आहे. पोलिसांचा सल्ला त्याहून पुढे जातो: दोन कुलपे लावा आणि तीही वेगवेगळ्या जातींची, म्हणजे चोराला दोन प्रकारची हत्यारे बाळगावी लागतील. सोल्ड सिक्युअर नावाची एक संस्था कुलपे फोडून पाहते आणि त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. सायकलीच्या किमतीप्रमाणे अमुक दर्जाचेच कुलूप हवे, असे विमा कंपन्यांचे म्हणणे असते, आणि दर्जा चढला की कुलपाचे वजनही बहुधा चढते. लॅपटॉप, डबा, पावसाचा कोट आणि वर तीन-साडेतीन किलो लोखंड एवढे सगळे पाठीवर घेऊन समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकल मारून पाहावी, म्हणजे जड कुलूप कचेरीपाशीच ठेवण्याची बुद्धी आपोआप सुचते.

ती बऱ्याच जणांना सुचलेली आहे. नोव्हेंबरात पाचच्या आधीच अंधार पडतो. सहा वाजता सायकली निघून गेल्या की आमच्या रस्त्यावरच्या कमानींना आठ-दहा कुलपे लोंबत राहतात: काळी डी-लॉक, कापडी खोळ घातलेल्या साखळ्या, एक आकड्यांचे कुलूप, ज्याचे आकडे गंजून अर्ध्यात अडकले आहेत. साठ-सत्तर पौंडांची वस्तू रात्रभर रस्त्यावर पडून राहते आणि सकाळी जागच्या जागी असते. आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी याचे मला इतके अप्रूप वाटले की मी फोटो काढून घरच्यांना पाठवले होते आणि खाली ‘नागरी शिस्त’ असे काहीतरी लिहिले होते. बंद असलेले, किल्ली नसलेले कुलूप चोरून चोर करणार काय, हा साधा विचार मला पुष्कळ उशिरा सुचला. ते फोटो आबांनी अनेकांना दाखवले आहेत, त्यामुळे खुलासा करण्याची वेळ निघून गेली आहे.

शिस्तीचे म्हणाल तर संपूर्ण ब्रिटनमध्ये सर्वाधिक सायकली चालवल्या जातात त्या याच शहरात, आणि सायकली चोरीला जातात त्याही दरवर्षी हजारांच्या संख्येने. रेल्वे स्टेशनाला लागून २०१६ साली तीन मजल्यांचा, सुमारे २,८५० सायकलींचा तळ उभारला गेला, आणि अशा छपराखालच्या तळांतूनही सायकली जातात. चोर तुमच्याच सायकलीला आपले कुलूप लावून ठेवतो. तुम्ही हताश होऊन बसने घरी जाता आणि रात्री तो सवडीने येतो. काही वेळा कमानच आधी कापून ठेवलेली असते आणि कापलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली आल्या आणि लोकांनी त्यांची दुर्दशा केली, हे आपण एकमेकांना मान खाली घालून सांगतो. परंतु त्याच सुमारास मँचेस्टरमध्ये आलेल्या मोबाइक कंपनीने चोऱ्या आणि मोडतोडीला कंटाळून २०१८ मध्ये तेथून काढता पाय घेतला, हे मला येथे कोणी आपण होऊन सांगितले नाही. शोधून काढावे लागले, आणि काढल्यावर बरे वाटले.

आमच्या एसटी स्टँडजवळ सायकल स्टँड होते. छपराखाली माणूस बसलेला असायचा, तो पत्र्याचा एक बिल्ला हँडलला अडकवायचा आणि त्याच नंबरचा दुसरा आपल्या हातात द्यायचा. आबांनी कित्येक वर्षे तेथे सायकल लावली. घंटीची वाटी दोनदा गेली, सायकल कधीही गेली नाही. येथे माणूस परवडत नाही म्हणून लोखंड जाड करत नेलेले आहे, असे माझे मत आहे. ते मी कचेरीत जेवणाच्या वेळी मांडले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या कुलपामुळे मला ती कमान दोन वर्षे वापरता आलेली नाही.”

मला हे अगदीच अनपेक्षित होते. मी म्हणालो, कुलपाने जागा कोठे अडते? ते कमानीच्या तळाशी पडून असते, बाजूला खुशाल सायकल लावा. त्या म्हणाल्या की कायदेशीररीत्या लावता येते, पण कुलूप दिसले की ती कोणाची तरी जागा आहे असे वाटते आणि माणूस पुढे जातो. मग मला आमची एसटी आठवली. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि मग सावकाश चढून ‘ही जागा धरलेली आहे’ असे सांगायचे, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ते मानायचे. रुमालाने सीट अडत नाही, हेही कायदेशीररीत्या खरेच आहे. मी दोन वर्षे फूटपाथवर पावणेदोन किलोचा रुमाल टाकून बसलो होतो. हे मी त्या बाईंना सांगितले नाही, कारण रुमालाची रीत इंग्रजीत समजावून सांगताना आपलाच देश उगाच ओशाळवाणा दिसला असता. त्याऐवजी मी म्हणालो की चारचाकीवाल्यांनी रस्त्याच्या कडेला गाड्या लावून केवढी जागा अडवलेली आहे, ते आधी बघा. ते खरे आहे आणि त्याचा या प्रश्नाशी काही संबंध नाही.

कुलूप बाहेर ठेवण्याचा तोटा म्हणाल तर मला एकदाच सोसावा लागला. गेल्या जानेवारीत सकाळी किल्ली आतच जाईना. कुलपाच्या भोकात पाणी शिरून रात्री गोठले होते. मी त्यावर फुंकर मारत होतो, ओठ जवळ न्यायचे धाडस होत नव्हते आणि हातमोजे काढल्यामुळे बोटे लाल झाली होती. शेजारच्या इमारतीची देखभाल करणारा माणूस हे सगळे पाहत होता. तो आला, माझ्याकडून किल्ली मागून घेतली, लायटरच्या ज्योतीवर धरली, आत घातली, काढली, पुन्हा तापवली; तिसऱ्या खेपेला कडी सुटली. मग त्याने तेलाचा फवारा मारला आणि भोक नेहमी जमिनीकडे येईल असे लटकवत जा, म्हणजे पाणी साठणार नाही, असे सांगितले. कुलूप घरी नेत जा, असे तो म्हणाला नाही. तो माझा भला माणूस आहे आणि पिवळी चिठ्ठी त्याने बांधलेली नाही, अशी माझी खात्री आहे, जरी त्याच्याकडे तशाच प्लास्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा मी पाहिलेला आहे.

सोमवारी संध्याकाळी मी चिठ्ठी कापून काढली आणि कुलूप पिशवीत घालून घरी नेले. डब्याला पोचा आला. मंगळवारी नेले-आणले. बुधवारी परत आणले ते रांगेच्या टोकाच्या कमानीला लावले, जिच्यावर झाडाचे पाणी गळते आणि म्हणून जेथे सहसा कोणी सायकल लावत नाही. म्हणजे माझी स्वतःची सायकलही आता दिवसभर गळतीखाली असते, ही गोष्ट माझ्या बाजूने नोंदवली जावी. भोक जमिनीकडे केले आणि आल्या-गेल्याला दिसेल अशा बेताने हँडलच्या घंटीवरची लाल फीत त्यावर गुंडाळली, जेणेकरून या वस्तूला वारस आहे हे कळावे.

त्या आकड्यांच्या कुलपालाही चिठ्ठी होती. शुक्रवारी मी आलो तेव्हा ते गेलेले होते. कमानीवर जेथे ते टेकत असे तेथे रंग खरवडून गंजाचे एक वेटोळे राहिले होते आणि खाली पितळेच्या भुकटीसारखा थोडा कीस पडला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंची सायकल माझ्या जुन्या कमानीला लागलेली होती, डावीकडच्या बाजूला, मोकळ्या उजव्या बाजूला कोणीही लावू शकेल अशा बेताने. त्यांनी दोन कुलपे लावली होती. संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा त्यांनी एक काढून पिशवीत टाकले, दुसऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि ते कमानीला तसेच राहू दिले.